थॉमस एकिन्स: विद्यार्थ्यांच्या हातात ब्रश, स्वतःच्या हातात मोजपट्टी

तिरपी रेघ

थॉमस एकिन्स (१८४४–१९१६) या अमेरिकन चित्रकाराबद्दल, आणि त्याहून जास्त त्याच्या शिकवण्याबद्दल हा धागा आहे.

फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया अकॅडमीत तो १८७६ साली बिनपगारी मदतनीस म्हणून लागला. १८७९ मध्ये ख्रिश्चन शुसेले वारल्यावर त्यांच्या जागी प्राध्यापक झाला, १८८२ मध्ये संचालक झाला आणि फेब्रुवारी १८८६ मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. त्या दहा वर्षांत त्याने तिथलं शिक्षण मुळापासून बदललं. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून महिनोन्‌महिने कोळशाने घोटून रेखाटनं करायची जुनी पद्धत त्याला मान्य नव्हती. विद्यार्थ्याला लवकर जिवंत मॉडेलसमोर बसवा, हातात ब्रश द्या, रंगातच रेखाटू द्या, असं त्याचं म्हणणं.

पण त्याची स्वतःची चित्रं बघा. 'पेअर-ओअर्ड शेल' (१८७२) या वल्हेकऱ्यांच्या चित्रासाठी केलेल्या पर्स्पेक्टिव्हच्या (वस्तू अंतराप्रमाणे लहान-मोठी दाखवायच्या गणिताच्या) रेखाटनाचा कागद मूळ तैलचित्रापेक्षा मोठा आहे. त्यावर फुटाफुटाच्या चौकटी, मध्यरेषा, बोटीचा प्रत्येक वाक मोजून आखलेला. विद्यार्थ्याला सांगायचं रेघ सोड, आणि स्वतः रेघांचं जाळं विणायचं. हा विरोधाभास आहे, की आपल्याच समजुतीत काहीतरी निसटतंय? पद्धतीचे बारकावे माहीत असलेल्यांनी सविस्तर लिहावं.

ओला कागद

विरोधाभास अजिबात नाही. एकिन्सच्या दृष्टीने ही दोन वेगवेगळी कामं होती. वस्तू अवकाशात नेमकी *कुठे* आहे हे मोजून काढता येतं, तर तिथे मोजायचंच. ती *कशी* आहे, तिचं वजन कुठे पडतंय, प्रकाश तिच्यावरून कसा वळतोय, हे बाह्यरेषेने सापडत नाही. माणसाच्या अंगाला कडेने रेघ नसते, म्हणून तिथे ब्रश.

त्याची पार्श्वभूमीही तीच सांगते. वडील बेंजामिन एकिन्स सुलेखनाचे शिक्षक. सेंट्रल हायस्कूलमध्ये यांत्रिक रेखाटन आणि पर्स्पेक्टिव्ह पक्कं झालं. १८६६ ते १८६९ पॅरिसला झेरोम या चित्रकाराकडे शिकला, थोडे दिवस बोना या दुसऱ्या चित्रकाराकडेही. मग स्पेनमध्ये वेलास्केझ आणि रिबेरा यांची चित्रं पाहिली आणि रंगाचा दाट, थर चढवत नेलेला उपयोग तिथून उचलला. मोजपट्टी शाळेतली आणि ब्रश स्पेनचा, हे दोन्ही त्याच्या हाताला आधीपासूनच होते.

भूमितीवाला

ओला कागद यांच्याशी सहमत. त्याची मोजण्याची पद्धत इतकी सरळ आहे की कुणालाही करून बघता येईल. लांबतं आहे, पण पायऱ्या देतो.

आधी तीन अंतरं ठरवायची: डोळ्याची पाण्यापासून उंची, डोळ्यापासून चित्राच्या पृष्ठभागाचं अंतर आणि डोळ्यापासून वस्तूचं अंतर. वस्तू किती लहान दिसेल? चित्राचं अंतर भागिले वस्तूचं अंतर. बस. समजा चित्र डोळ्यापासून ३ फुटांवर धरलं आणि बोट ३६ फुटांवर आहे. प्रमाण बारावा हिस्सा, म्हणजे खऱ्या एका फुटाला कागदावर एक इंच. तीच बोट ७२ फुटांवर गेली की फुटाला अर्धा इंच.

आता क्षितिज. डोळा पाण्याच्या वर ५ फूट असेल तर क्षितिजरेषा पाण्यावरच्या कुठल्याही बिंदूच्या ५ फूट वरच असते. म्हणून ३६ फुटांवरचं पाणी क्षितिजाखाली ५ इंच, ७२ फुटांवरचं अडीच इंच, आणि अगदी जवळ, १८ फुटांवरचं १० इंच.

मग दुसऱ्या कागदावर बोट वरून पाहिल्यासारखी आखायची. मध्यरेषा, फुटाफुटाच्या चौकटी, आणि त्यावर बोट हव्या त्या कोनात तिरकी ठेवायची. तिचा एकेक बिंदू उचलून चित्रात न्यायचा. उदाहरणार्थ, वल्ह्याच्या आधाराचा बिंदू ४८ फुटांवर, मध्यरेषेच्या उजवीकडे ८ फूट आणि पाण्यापासून १ फूट वर आहे. प्रमाण ३ भागिले ४८, म्हणजे सोळावा हिस्सा. ८ फूट म्हणजे ९६ इंच, भागिले १६: मध्यरेषेपासून ६ इंच उजवीकडे. पाण्याची पातळी क्षितिजाखाली ६० भागिले १६, म्हणजे पावणेचार इंच. तिथून बिंदू वर पाऊण इंच. झालं.

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, लोक बोटीची फक्त दोन टोकं मोजतात आणि मधला वाक अंदाजाने जोडतात. तिरक्या बोटीचा जवळचा आणि लांबचा वाक सारखा दिसत नाही, त्यामुळे ती मोडल्यासारखी वाटते. दर दोन फुटांवर आडवा छेद घेतलाच पाहिजे. दुसरं, चित्राचं अंतर फार कमी धरतात. ३ फूट अंतर आणि कागद ४ फूट रुंद असेल तर दृष्टीचा कोन ६७ अंशांच्या आसपास जातो आणि कडेची वर्तुळं लांबुळकी होतात. अंतर रुंदीच्या निदान दीड-दोन पट ठेवा. ३ फुटांच्या अंतराला दीड ते दोन फुटांचा कागद पुरे.

नलूताई

भूमितीवाले, बोटीचं कळलं. पण पाण्यातलं प्रतिबिंब? तो तर त्याच्या वल्हेकऱ्यांच्या चित्रांचा प्राण आहे.

भूमितीवाला

नलूताई, तेही मोजूनच. पाणी स्थिर असेल तर कुठल्याही बिंदूचं प्रतिबिंब, तो पाण्याच्या पातळीच्या वर जितका आहे तितकंच त्याच उभ्या रेषेत खाली. इथे 'पाण्याची पातळी' त्या बिंदूच्या बरोब्बर खालची धरायची, काठाच्या मागे जमीन असली तरी. झाड काठापासून आत असेल तर त्याच्या बुंध्याखाली, जमिनीच्या आत पाण्याची पातळी कल्पून मोजायचं. म्हणूनच काठाचं चित्र नुसतं उलटं केलं तर चुकतं. मागच्या झाडाचा खालचा भाग प्रतिबिंबात काठाच्या आड जातो आणि दिसतच नाही. पुलाच्या कमानीचं उलट होतं, तिची खालची बाजू प्रतिबिंबात जास्त दिसते.

तरंग असतील तर खरी गंमत. लाट म्हणजे वेगवेगळ्या उतारांची पृष्ठं. पृष्ठ ५ अंशांनी तुमच्याकडे कललं की परतणारा किरण १० अंशांनी वर सरकतो, आणि जिथे समोरचा काठ दिसायला हवा तिथे झाडाचा शेंडा किंवा आकाश दिसतं. त्यामुळे प्रतिबिंब उभं ताणलं जातं आणि मध्येमध्ये आकाशाचे तुकडे येतात. एकिन्सने विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या रेखाटनाच्या पाठांत यावर वेगळा भाग आहे. ते पाठ त्याच्या हयातीत छापले गेले नाहीत, २००५ मध्ये फिलाडेल्फिया म्युझियमने पुस्तकरूपाने काढले. पर्स्पेक्टिव्ह, यांत्रिक रेखाटन, प्रतिबिंबं, उठावशिल्प, सगळं आहे त्यात.

कोपऱ्यातला

म्हणजे त्याच्या चित्रातली बोट उचलून खऱ्या नदीत सोडली तरी तरंगेल!

गेरू

इथे वेगळा सूर लावतो. मोजणं सगळीकडे फळलं नाही. 'फेअरमन रॉजर्स फोर-इन-हँड' (१८७९–८०) बघा. चार घोड्यांची बग्गी, फिलाडेल्फियाचं फेअरमाउंट पार्क. एडवर्ड माय्‌ब्रिजचे पळत्या घोड्यांचे फोटो १८७८ मध्ये प्रसिद्ध झाले होते, त्यावरून एकिन्सने घोड्यांचे पाय अचूक बसवले. शास्त्र म्हणून पैकीच्या पैकी. चित्र म्हणून? घोडे हवेत गोठलेत, आणि चाकांचे आरे मात्र फिरताना दिसतात तसे पुसट. एका चित्रात दोन वेगवेगळे काळ. डोळ्याला गती दिसते ती एका क्षणाच्या अचूकपणाने नाही. इतकी मेहनत घेऊन गाडी जागची हलत नाही.

ओला कागद

गेरू, चाकांचा मुद्दा बिनतोड आहे. आरे स्पष्ट काढले असते तर गाडी उभी वाटली असती, पुसट काढले तर पायांशी जुळत नाहीत. हा पेच फोटोनेच आणला. त्याआधी घोड्याचे चारही पाय ताणून काढायची पद्धत होती, चूक असली तरी सगळ्यांची एकच.

पण त्या घोड्यांचं काम नुसत्या फोटोवर झालं नाही. त्याने घोड्यांचे छोटे मेणाचे नमुने केले, कारण फोटो एकाच बाजूने असतो आणि चित्रातले घोडे तिरके येतात. शिल्पकार विल्यम रश याच्यावरच्या 'विल्यम रश' (१८७७) या चित्रासाठीही त्याने आधी मेणात आकृत्या घडवल्या. हाच धडा तो वर्गात देत असे. विद्यार्थी एखाद्या आकृतीत अडकला की कॅनव्हास बाजूला ठेवून ती मातीत करायला लावायचा. जिवंत गाय वर्गात उभी करून विद्यार्थिनी तिचं शिल्प करताहेत, असा त्या वर्गाचा फोटोही आहे.

मातीकाम

शेवटी माझ्या आवडीच्या मुद्द्यावर गाडी आली. मातीचा फायदा नेमका काय, ते थोडक्यात.

कागदावर चूक लपते. आकृतीचा उजवा खांदा मागे किती गेला हे छायेने झाकता येतं. मातीत नमुना फिरवला की कळतं. म्हणून बाह्यरेषा न धरता आधी तीन गोष्टी पक्क्या करायच्या: वजन कुठल्या पायावर आहे, श्रोणी (कमरेचा हाडांचा भाग) कुठे कललीय, पाठीचा कणा कुठे वळतो. एका पायावर उभ्या माणसात समोरून पाहिलं तर मानेखालची खोबण वजनाच्या पायाच्या आतल्या घोट्याच्या जवळपास वर येते. ओळंबा सोडून बघा. श्रोणी वजनाच्या बाजूला वर, खांदे बहुधा त्या बाजूला खाली. एकिन्सने साधारण १८८३ च्या सुमारास नग्न मॉडेलचे ठरावीक सात उभे पवित्रे घेऊन फोटोंची मालिका केली आणि काहींवरून कण्याची आणि वजनाची रेषा काढली. उद्देश हाच.

करणाऱ्यासाठी: फूटभर उंचीची आकृती असेल तर आत जाड तारेचा सांगाडा, कमरेत आणि गुडघ्यात वाकवता येईल असा. तारेला पातळ तार गुंडाळा, नाहीतर माती घसरून खाली येते. आधी बोटाएवढ्या गोळ्यांनी वस्तुमान. चेहरा, बोटं, केस शेवटी. नवशिक्या नाक आधी करतो आणि मग कंबर तोडून बसवावी लागते.

शिरीष_पान

या सगळ्याचा पाया शवविच्छेदनाचा होता, ते यायला हवं. अकॅडमीत शरीररचनेची व्याख्यानं डॉ. विल्यम विल्यम्स कीन देत, आणि एकिन्स त्यांचा मुख्य प्रात्यक्षिककार. व्याख्यानात सांगाडा, शव आणि जिवंत मॉडेल एकत्र असत. सांगाड्यावर स्नायू कुठून निघतो, शवावर त्याचा आकार, आणि जिवंत माणसाने हात वळवला की तो कसा फुगतो, हे एकापाठोपाठ. विजेच्या धक्क्याने स्नायू आखडून दाखवत. पुढचे विद्यार्थी स्वतः विच्छेदन करत. माणसाबरोबर घोड्याचंही. विच्छेदन केलेल्या भागांचे प्लास्टरचे साचे काढले जात, त्यातले काही पुढे ब्राँझमध्ये ओतले गेले. वर्गात बाकीच्यांनी त्यांचा उपयोग करायचा.

एकिन्सचं यावरचं मत फार स्वच्छ होतं. विच्छेदनाने सौंदर्यदृष्टी येत नाही. काम घाणेरडं आहे. पण जे दिसतंय ते का तसं दिसतंय हे कळलं की हात अडखळत नाही. तो स्वतः १८६४-६५ मध्ये जेफरसन मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकला होता.

तिरपी रेघ

शिरीष_पान, छान. पण एवढी शरीररचना चित्रकाराला खरंच लागते? आपल्याकडे आर्ट स्कूलमध्ये ती अजूनही असते, पण परीक्षेपुरती पाठ केली जाते.

शिरीष_पान

पाठ करून उपयोग नाहीच. त्यांच्या पद्धतीत स्नायूचं नाव दुय्यम, उगम आणि शेवट महत्त्वाचा. 'कॉन्सर्ट सिंगर' (१८९०–९२) मध्ये बघा. वेडा कुक ही गायिका गाताना उभी आहे. तो तिला पुन्हा पुन्हा मेंडेल्सोन या संगीतकाराच्या 'एलायजा' या रचनेतलं तेच गाणं गायला लावायचा, कारण त्याला गळ्याचे आणि तोंडाचे स्नायू त्या सुरावर कसे येतात ते हवं होतं. चौकटीवर त्या गाण्याचे पहिले सूर कोरलेत. तोंड उघडं आहे म्हणून आवाज येत नाही, जिभेखाली आणि हनुवटीखाली जे ओढलं गेलंय त्याने येतो. हे माहिती असल्याशिवाय रंगवता येत नाही.

वटवाघूळ

थोडं विषयांतर. आपल्या जे. जे.मध्ये जिवंत नग्न मॉडेलवरून अभ्यास १९१९-२० च्या सुमारास सुरू झाला, कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात. त्याआधी 'अँटिक', म्हणजे प्लास्टरचे पुतळे, हाच मुख्य रस्ता. म्हणजे एकिन्स ज्याच्याशी भांडत होता ती शिकवणी मुंबईत त्याच्यानंतर कित्येक वर्षं चालू होती. शिकणाऱ्यांच्या हातात त्यामुळे कोळशाचं कसब अफाट आलं, हेही खरं.

नलूताई

वटवाघूळ, विषयांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. आता कुणीतरी ते राजीनामा प्रकरण नीट सांगा. सगळीकडे 'लंगोटी काढली म्हणून हाकललं' एवढंच येतं.

शाईचा डाग

नलूताई, प्रसंग तोच. जानेवारी १८८६, विद्यार्थिनींचा वर्ग. श्रोणीजवळ एक स्नायू कुठून सुरू होतो हे दाखवताना एकिन्सने पुरुष मॉडेलची लंगोटी बाजूला केली. अकॅडमीचा शिक्षण समितीचा प्रमुख एडवर्ड कोट्स याने त्याला राजीनामा द्यायला सांगितलं.

पण लाकूड आधीच वाळलेलं होतं. विद्यार्थ्यांनी एकमेकांसाठी नग्न मॉडेल व्हावं असा त्याचा आग्रह, त्याने काढलेले फोटो, संचालकपदी बसून कुणाचंही न ऐकण्याची सवय. कोट्सने स्वतः त्याच्याकडून घेतलेलं 'स्विमिंग' (१८८५) हे चित्र परत करून त्याऐवजी एकिन्सचंच 'पथेटिक साँग' हे चित्र नेलं होतं, कारण त्या पाण्याकाठच्या नग्न पोहणाऱ्यांत विद्यार्थी ओळखू येत होते आणि पाण्यात एकिन्स स्वतःही होता. त्याच्या विरोधात उभे राहिलेल्यांत त्याचा विद्यार्थी आणि पुढे अकॅडमीतलाच शिक्षक थॉमस ॲनशुट्झ होता, घरचे लोकही होते.

दुसऱ्या बाजूला, बऱ्याच विद्यार्थ्यांनी अकॅडमी सोडून स्वतःची आर्ट स्टुडंट्स लीग ऑफ फिलाडेल्फिया काढली. १८९३ पर्यंत ती चालली आणि एकिन्सने तिथे एक पैसा न घेता शिकवलं. न्यूयॉर्कमध्येही शिकवायचा. १८९५ मध्ये ड्रेक्सेल इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा नग्न पुरुष मॉडेलवरूनच वाद होऊन काम सुटलं.

गेरू

शाईचा डाग, माहिती उत्तम. पण एकिन्सला सत्यासाठी छळलेला महात्मा करून टाकण्याची जी पद्धत आहे ती मला पटत नाही. शिकणाऱ्या तरुण मुलींवर शिक्षकाचा अधिकार असतो. मॉडेल व्हायचं की नाही यात त्यांना किती मोकळेपणा होता हा प्रश्न शरीररचनेच्या शास्त्राने सुटत नाही. १८९७ मध्ये त्याच्या भाचीने, एला क्रॉवेलने आत्महत्या केल्यावर बहिणीच्या घराचे दरवाजे त्याला बंद झाले. हे सगळं त्याच्या चरित्राचा भाग आहे.

शाईचा डाग

गेरू, मान्य. त्याला मोठा मानायचं म्हणून हे झाकायची गरज नाही. स्त्रियांना शरीररचना आणि जिवंत मॉडेल मिळायला हवं हा त्याचा आग्रह बरोबर होता. ते कसं द्यायचं यात त्याने मर्यादा पाळल्या नाहीत. दोन्ही वाक्यं एकत्र उभी राहतात.

काचपट्टी

फोटोचा मुद्दा गेरूने सुरुवातीला काढला आणि तो अर्धवट राहिला.

१८८४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात माय्‌ब्रिज काम करत होता. तो कॅमेऱ्यांची रांग लावायचा, प्रत्येक कॅमेऱ्याची फोटो उमटायची काच वेगळी. चित्रं स्वच्छ, पण प्रत्येक कॅमेऱ्याची जागा वेगळी, त्यामुळे अंतर मोजताना गोंधळ. एकिन्सने फ्रेंच शास्त्रज्ञ मारे याच्या पद्धतीचं चाक वापरलं. एकच भिंग, एकच काच, समोर फिरणारी भोकाची चकती. पळणाऱ्या माणसाच्या सगळ्या अवस्था एकाच काचेवर, एकाच जागेवरून. मोजायला हे सरस. अट एकच: पार्श्वभूमी काळी हवी, नाहीतर दर उघडझापेला काच धुरकटत जाते. आणि हालचाल संथ असेल तर प्रतिमा एकमेकांवर चढतात.

यापेक्षा मोठी गोष्ट २००१ च्या सुमारास बाहेर आली. फिलाडेल्फिया म्युझियमच्या संवर्धकांनी, मार्क टकर आणि निका गुटमन यांनी, त्याची चित्रं अवरक्त किरणांखाली तपासली. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीची काही चित्रं, उदाहरणार्थ 'मेंडिंग द नेट' (१८८१), त्याने फोटो कॅनव्हासवर टाकून, आकृत्यांच्या कडा पेन्सिलीने टिपून सुरू केली होती. रंग चढल्यावर खुणा हरवू नयेत म्हणून टोकदार हत्याराने बारीक खुणा कोरलेल्या सापडल्या. एका चित्रात वेगवेगळ्या फोटोंमधली माणसं, झाड, पक्षी एकत्र.

कोपऱ्यातला

म्हणजे ज्याच्या अचूक डोळ्याचं एवढं कौतुक, तो प्रोजेक्टरवरून ट्रेस करत होता?

काचपट्टी

करत होता, आणि लपवतही होता. पण हे काम सोपं नाही, करून बघितलं की कळतं. वेगवेगळ्या फोटोंतली माणसं एका चित्रात आणायची तर कॅमेऱ्याची उंची सगळ्यांना एकच हवी. कारण सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या सारख्या उंचीच्या सगळ्या माणसांना क्षितिजरेषा अंगाच्या एकाच जागी छेदते. जवळच्याच्या छातीशी असेल तर लांबच्याच्याही छातीशीच. एकाचा फोटो उभं राहून आणि दुसऱ्याचा गुडघ्यावर बसून काढला की तो दुसरा माणूस तरंगतो किंवा खड्ड्यात उभा दिसतो. त्याच्या चित्रात हे होत नाही, कारण भूमितीवाल्यांनी वर दिलेलं गणित त्याच्या हातात होतं. शिवाय प्रकाशाची दिशा जुळवावी लागते, आणि फोटोतल्या काळ्या छायेत रंग नसतोच. तो निसर्गात जाऊन बघावा लागतो.

ओला कागद

काचपट्टी +१. छायेवरून आठवलं, 'ग्रॉस क्लिनिक' (१८७५) चं काय झालं ते यात येतंच. सुमारे ८ फूट उंच, साडेसहा फूट रुंद कॅनव्हास. डॉ. सॅम्युअल ग्रॉस मांडीच्या हाडातला कुजलेला भाग काढताहेत. पूर्वी अशा रोग्याचा पाय कापत, इथे तो वाचवताहेत. हातात रक्ताळलेली सुरी, वरून खिडकीचा प्रकाश कपाळावर. १८७६ च्या, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात कलाविभागाने ते नाकारलं आणि ते लष्करी रुग्णालयाच्या दालनात लागलं. दोन वर्षांनी जेफरसन कॉलेजने २०० डॉलरला घेतलं. २००६-०७ मध्ये ते शहराबाहेर जाऊ नये म्हणून फिलाडेल्फियातल्या दोन संस्थांनी मिळून ६ कोटी ८० लाख डॉलर उभे केले, त्यासाठी अकॅडमीला एकिन्सचंच 'चेलो प्लेअर' विकावं लागलं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात कुणीतरी सफाईच्या नावाखाली त्यावरचे गडद पारदर्शक थर पुसून काढले होते. मागची दारातली माणसं केशरी-लाल झाली आणि डॉक्टरांवरून लक्ष उडायला लागलं. २०१० च्या दुरुस्तीत एकिन्सने स्वतः शाईत केलेली प्रत आणि जुना फोटो पाहून तो काळोख परत आणला, तोही नंतर काढता येईल अशा रंगात. तैलचित्र साफ करताना वरचा थर वॉर्निश आहे की चित्रकाराचा ग्लेझ (पातळ पारदर्शक रंगाचा थर) हे न तपासता द्रावण लावलं की काय होतं, त्याचं हे ठळक उदाहरण.

शिरीष_पान

आणि त्याच्या शेजारी 'ॲग्न्यू क्लिनिक' (१८८९) ठेवून बघा. चौदा वर्षांत डॉक्टर काळ्या कोटातून पांढऱ्या अंगरख्यात आले, हत्यारं झाकलेल्या पेटीत गेली, परिचारिका मेरी क्लाइमर उभी राहिली. हातमोजे अजून नाहीत. जंतुनाशक शस्त्रक्रियेचा इतिहास दोन कॅनव्हासवर आहे. डॉ. ॲग्न्यू यांच्या विद्यार्थ्यांनी ७५० डॉलर देऊन घडवून घेतलेलं हे चित्र त्याने तीन महिन्यांत पुरं केलं.

नलूताई

सगळं वाचून मूळ प्रश्नाकडे येते. तिरपी रेघ, तुम्ही विचारलंत की शिकवणं आणि करणं वेगळं का. मला वाटतं त्याची शिकवण कुठे पोहोचली त्यावरही उत्तर आहे. हेन्री ऑसावा टॅनर त्याचा विद्यार्थी. ॲनशुट्झने पुढे रॉबर्ट हेन्रीला शिकवलं, आणि हेन्रीकडून एडवर्ड हॉपर, जॉर्ज बेलोज शिकले. यातल्या कुणीही चौकटी आखून बोटी काढल्या नाहीत. त्यांनी उचललं ते ब्रशने वस्तुमान धरणं आणि आपल्या भोवतालचं जग रंगवणं. मोजपट्टी एकिन्सबरोबर राहिली, ब्रश पुढे गेला.

भूमितीवाला

नलूताई, मला इथे अडायचंय. मोजपट्टी पुढे गेली नाही ही त्या परंपरेची उणीव आहे. हॉपरच्या रिकाम्या खोल्या उभ्या राहतात त्या भिंती आणि खिडक्या नीट बसल्यात म्हणूनच.

मातीकाम

दोघांचं मिळून एक करून बघण्यासारखं सुचवतो. एकिन्सच्या वर्गाच्या धाटणीचं, पण घरच्या टेबलावर जमणारं.

एक अंडं, साखरेचा खडा आणि खडूचा तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवा. तिन्ही पांढरे, पोत तीन. खिडकी एकच, बाकीचे दिवे बंद. आधी पेन्सिलीने फक्त तीन खुणा: टेबलाची मागची कडा कुठे, प्रत्येक वस्तू टेबलाला कुठे टेकते, आणि डोळ्याची पातळी कुठे. अंतर फूटपट्टीने मोजा, भूमितीवाल्यांचा भागाकार वापरा. वस्तूंची बाह्यरेषा काढायची नाही.

मग मोठा चपटा ब्रश, अर्ध्या-पाऊण इंचाचा. पांढरा, काळा आणि एक मातकट रंग, बास. सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ जागा आधी लावून टाका, मधल्या छटा त्यांच्यात बसवा. बहुतेकांचं बिघडतं ते अंड्याच्या सावलीत. ती करडी लावली की अंडं घाण दिसतं, कारण खालच्या पांढऱ्या कागदाचा उजेड तिच्यात परत येत असतो. सावलीचा सगळ्यात गडद पट्टा कडेला नसतो, कडेच्या थोडा आत असतो. साखरेच्या खड्यात उलट, प्रकाश आत शिरतो, म्हणून त्याची सावली अंड्यापेक्षा उजळ ठेवा.

तिरपी रेघ

मातीकाम, आभार. यात माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे: टेकण्याची जागा मोजून, आकार ब्रशने. ॲक्रिलिकमध्ये चालेल का? ते फार लवकर वाळतं.

मातीकाम

चालेल, पण मधल्या छटा ओल्यात मिसळता येणार नाहीत. पाच छटा आधीच वाट्यांत कालवून घ्या, वर ओला फडका झाका. आणि ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, तेव्हा उजळ छटा डोळ्याला दिसते त्यापेक्षा किंचित वर ठेवा.